मीटरवरचं शून्य

घरात समुद्राचं पाणी बनवायची कृती अशी: नळाच्या पाण्यातले होते नव्हते तेवढे सगळे क्षार आधी काढून टाकायचे, आणि मग त्यात पाकिटातलं समुद्री मीठ मोजून घालायचं. लिटरला पस्तीस-चाळीस ग्रॅम. पहिल्यांदा ऐकणारा हसतोच. "अरे, शेवटी खारंच करायचंय ना? मग आधी गोडं कशाला करतोस?" प्रश्न रास्त आहे. उत्तरही एका ओळीचं आहे. काढतो ते नेमकं काय आहे हे आपल्याला माहीत नसतं, घालतो ते माहीत असतं.

इथपर्यंत मरीन टँक ठेवणाऱ्या समस्त मंडळींचं एकमत असतं. पुढे गाडी अडते. कुणाच्या तरी टँकमध्ये काचेवर तपकिरी थर चढायला लागतो, गोगलगायी एकाएकी मरतात, किंवा अॅनिमोन आक्रसून बसतं. मग जो संवाद होतो तो मला आता पाठ झाला आहे.

"पाण्याचा टीडीएस किती?"
"शून्य."
"मग पाण्याचा प्रश्न नाही. दुसरीकडे बघ."

माझं म्हणणं असं आहे की हा संवादच चुकीचा आहे. शेवटच्या नळीतून येणारं शून्य म्हणजे पाणी चांगलं असल्याचा पुरावा नव्हे. आणि ते शून्य गेलं की लगेच रेझिन बदलून ते परत आणणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर एक्सेप्शन गिळून टाकून "स्क्रीनवर एरर येत नाही" असं म्हणण्यातला हा प्रकार आहे.

आता जरा सविस्तर.

इतकं शुद्ध पाणी लागतं कशाला?

टँकमधलं पाणी उडून जातं तेव्हा फक्त पाणी जातं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं. २०० लिटरची टाकी धरा आणि रोज ३ लिटर पाणी उडतंय असं समजा. वर्षाला १०९५ लिटर झाले, म्हणजे अख्ख्या टाकीच्या पाचपटीहून जास्त. या पाण्यात जे काही असेल ते उडून जात नाही, साठत जातं.

तांब्याचं उदाहरण घेऊ. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२), लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम तांबं स्वीकारार्ह मानतं. माणसाला त्यानं काहीही होत नाही. पण तेच पाणी वर्षभर भर म्हणून घातलं तर आपल्या २०० लिटरच्या टाकीत कागदावरच्या हिशोबाने लिटरमागे ०.२७ मिलिग्रॅमपर्यंत तांबं जमा होऊ शकतं. पाणी बदलल्याने त्यातलं काही बाहेर जातं, दगड आणि वाळू काही शोषून घेतात, हे सगळं मान्य. तरीसुद्धा कोळंबी, गोगलगाय आणि पोवळं यांच्यासाठी हा आकडा जीवघेणा आहे. माशांच्या व्हाइट स्पॉटवर तांब्याचं औषध देतात ते नेहमी वेगळ्या टाकीत देतात, ते याच कारणाने.

थोडक्यात काय, तर माणसाला पिण्याजोगं आणि कोळंबीला राहण्याजोगं ही दोन वेगळी स्पेसिफिकेशन्स आहेत. आपण पाणी पितो आणि विसरतो. त्या जिवांचं सगळं जग त्या पाण्यात असतं, आणि उठून दुसरीकडे जायची सोय त्यांना नसते. आपणच त्यांना आणून ठेवलेलं असतं.

(मुंबईकर विचारतील, समुद्र दारात असताना बनवायचं कशाला? भरतीचं पाणी आणा की! किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ असतो, नाल्याखाडीतून येणारं सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात क्षारता घसरते. म्हणजे पुन्हा "काय आहे हे माहीत नाही" तिथेच येऊन थांबतो.)

मीटर नेमकं काय सांगतो?

टीडीएस मीटर पाण्यातले क्षार तोलत नाही. दोन इलेक्ट्रोडमधून वीज किती सहज जाते एवढंच तो पाहतो आणि त्याला एका ढोबळ गुणकाने गुणून पीपीएममध्ये आकडा दाखवतो. म्हणजे पाण्यातले विद्युतभारित कण त्याला दिसतात. ज्यांच्यावर भार नाही किंवा नगण्य आहे ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत.

न दिसणाऱ्यांची यादी पाहा. सिलिका, जिच्यावर तपकिरी डायटम पोसतात, ती नेहमीच्या पाण्यात जवळजवळ भाररहित असते. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मीटरला नावापुरता दिसतो. क्लोरीन ज्या मात्रेत आपल्या नळाला असतो त्या मात्रेत तो मीटरवर वेगळा कळत नाही. कीटकनाशकं नाहीत, जंतू नाहीत. त्यात हातातला मीटर १ पीपीएमच्या पायरीने चालतो, त्यामुळे ०.४ सुद्धा शून्यच दिसतं. सूक्ष्म मात्रेतलं तांबं याच फटीत आरामात बसतं.

आता उलट बाजू. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस ३५,००० च्या घरात असतो. मग भरीच्या पाण्यात १० पीपीएम जास्त असले तर बिघडलं काय? वरच्याच हिशोबाने ते वर्षाला ११ ग्रॅम होतात, आणि टाकीत आधीच ७ किलो मीठ आहे. ते दहा साध्या मिठाचे असतील तर कुणाला पत्ताही लागणार नाही. तांब्याचे, अमोनियाचे, फॉस्फेटचे असतील तर टाकी संपलीच. तेव्हा "किती?" हा दुय्यम प्रश्न आहे. "कोणते?" हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मीटरकडे नाही.

मग मीटर फेकून द्यायचा का? मुळीच नाही. तो थर्मामीटरसारखा आहे. ताप आहे हे सांगतो, मलेरिया की टायफॉइड हे सांगत नाही. आणि थर्मामीटर नॉर्मल आला म्हणून मधुमेह नाही असंही ठरत नाही. दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायला मात्र यासारखं स्वस्त आणि मस्त साधन नाही. त्याकडे वळूच.

स्वयंपाकघरातला आरओ

त्याआधी एक आपल्याकडचा खास घोळ. नवशिक्या माणसाला साहजिकच वाटतं, घरात आरओ आहेच, त्याचंच पाणी वापरू. पण आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा एक व्हॉल्व असतो. तो मेम्ब्रेनला वळसा घालून थोडं न गाळलेलं पाणी चांगल्या पाण्यात परत मिसळतो, चव यावी म्हणून. काहींत शेवटी मिनरलचा फिल्टर असतो. आणि अलीकडे तर तांबं घालणारी मॉडेल्स आहेत, जाहिरातीत ठळक अक्षरात! म्हणजे ज्या एका धातूपासून कोळंबीला वाचवायचं, तोच आपण हौसेने विकत घेऊन घालतो. पिणाऱ्याच्या दृष्टीने यात काही गैर नाही. पण मशीनवर "आरओ" लिहिलंय म्हणून टँकला चालेल, हे गृहीतक एकदा मशीन उघडून तपासायलाच हवं.

आणि मीटर हातात घेऊन दारात येणारे विक्रेते! तुमच्या पाण्यात दोन इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडतात, पाणी बघता बघता तपकिरी होतं, आणि घरातली मंडळी हादरतात. तो रंग बहुतेक करून त्या लोखंडी इलेक्ट्रोडचा असतो. शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. चिमूटभर मीठ टाकून बघा, तेही तपकिरी होईल. दुसरीकडे आर्सेनिकची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. त्याच्या दसपट आर्सेनिक असलं तरी मीटरवरचा आकडा हलणार नाही. जे मोजायला सोपं तेच महत्त्वाचं समजायची सवय आपल्याला स्वयंपाकघरातच लागते आणि मग ती टँकपर्यंत येते.

एका मित्राच्या रेझिनची गोष्ट

पुण्याच्या पश्चिमेकडे नव्या सोसायटीत राहणारा माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे टँकसाठी वेगळी आरओ-डीआय यंत्रणा. सेडिमेंट फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन, अशी नेहमीची चौकडी. सेडिमेंट गाळ अडवतो, कार्बन क्लोरीन काढतो, मेम्ब्रेन बहुतांश क्षार अडवते आणि उरलेसुरले क्षार रेझिन धरून ठेवतं. दहा-अकरा महिने आरामात चालणारं रेझिन एका एप्रिलमध्ये महिन्याभरात संपायला लागलं. दुकानदार म्हणाला, रेझिन बदला. बदललं. पुन्हा संपलं. रेझिनचा लॉट खराब असेल, दुसरं घ्या. घेतलं. तेही संपलं. दरम्यान काचेवर तपकिरी थर. आणि प्रत्येक वेळी नवं रेझिन घातलं की मीटरवर शून्य, त्यामुळे "पाणी तर परफेक्ट आहे" हे पालुपद चालूच.

इथे करायचं ते साधं काम होतं. शेवटचा आकडा सोडून मधले आकडे पाहायचे. सुदैवाने त्याने हिवाळ्यातले आकडे एका वहीत लिहून ठेवले होते.

फेब्रुवारी: नळाला १४०, मेम्ब्रेननंतर ४, रेझिननंतर ०.
एप्रिल: नळाला ७२०, मेम्ब्रेननंतर ४३, रेझिननंतर ०.

शेवटचा रकाना दोन्हीकडे सारखाच! पण रेझिनवर पडणारा बोजा ४ वरून ४३ वर गेला होता, जवळजवळ अकरा पट. अकरा महिन्यांचं रेझिन एका महिन्यात संपलं यात रेझिनचा काय दोष? ते बिचारं आपलं काम चोख करत होतं.

आता ४३ का आले, याची फोड करू. उन्हाळ्यात धरणाचं पाणी कमी पडलं की अनेक सोसायट्यांत टँकर आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत मिसळतात. नळ तोच, तोटी तीच, पाणी वेगळं. इनपुट बदललं होतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. पण तेवढ्याने हिशोब पुरा होत नाही. फेब्रुवारीत मेम्ब्रेन ९७ टक्के क्षार अडवत होती. त्याच दराने ७२० चे २१ व्हायला हवे होते. आले ४३. म्हणजे मेम्ब्रेन आता ९४ टक्केच अडवत होती.

या टक्क्यांनी भलेभले फसतात. ९७ आणि ९४ मध्ये फरक तीन टक्क्यांचा वाटतो. पण रेझिनला अडवलेल्या क्षारांशी घेणंदेणं नाही, निसटलेल्यांशी आहे. ३ टक्क्यांचे ६ टक्के झाले, म्हणजे बोजा दुप्पट. ९८ ची ९६ होणं हेसुद्धा दुप्पटच. अपटाइमचे नाइन्स मोजणाऱ्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

मग मेम्ब्रेन बदलायची? थांबा. मेम्ब्रेनच्या आधी एक प्रेशर गेज असतो, ज्याकडे कुणी बघत नाही. त्यावर ३५ पीएसआय होते. नेहमी साठच्या वर असायचे. कारण सेडिमेंट फिल्टर टँकरच्या गाळाने चोंदला होता. बूस्टर पंप जीव खाऊन ढकलत होता आणि फिल्टर वाटेतच दाब खात होता.

दाबाचा शुद्धतेशी काय संबंध? गंमत इथेच आहे. मेम्ब्रेनमधून पाणी जातं ते दाबामुळे. क्षार निसटतात ते मात्र आपल्या गतीने झिरपत, त्यांना दाबाचं फारसं सोयरसुतक नसतं. दाब अर्धा झाला की पाणी जवळपास निम्मं येतं, पण क्षार तेवढेच. साहजिकच तेवढेच क्षार कमी पाण्यात, म्हणजे पाणी जास्त क्षारयुक्त. त्याचा दुसरा पुरावा मोजपात्रात मिळाला. दिवसाला ७५ गॅलनची मेम्ब्रेन म्हणजे साधारण २८४ लिटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ २०० मिलिलिटर. येत होतं ११० च्या आसपास.

सेडिमेंट आणि कार्बन दोन्ही बदलले. यंत्रणेतल्या सगळ्यात स्वस्त वस्तू. गेज ६२ वर, पाणी मिनिटाला २१० च्या वर, मेम्ब्रेननंतर २४. मेम्ब्रेन शाबूत होती. तीन वेळा बदललेलं रेझिन हे सगळ्यात महाग आणि सगळ्यात निर्दोष होतं.

तरीही एक धागा उरला

२४ च्या हिशोबाने रेझिन जेवढं चालायला हवं होतं तेवढं चाललं नाही. इथे मीटरच्या नजरेआडचा गडी येतो, कार्बन डायऑक्साइड. बोअरच्या पाण्यात तो बरेचदा भरपूर विरघळलेला असतो. वायू असल्यामुळे मेम्ब्रेनमधून तो सरळ पार होतो. पुढे रेझिनमधला ऋणभार धरणारा भाग त्याला बायकार्बोनेटच्या रूपात पकडतो आणि त्यातच खर्ची पडतो. मीटर म्हणतो २४, प्रत्यक्ष बोजा त्याहून कितीतरी मोठा.

आणि रेझिन संपत येतं तेव्हा सगळं एकदम सुटत नाही. घट्ट धरलेले आयन टिकतात, सैल धरलेले आधी ढकलले जातात. सगळ्यात सैल धरलेल्यांत सिलिका. म्हणजे मीटरवर १ किंवा २ दिसायच्या आधीच, शून्य दिसत असतानाच, सिलिका टाकीत जायला लागलेली असते. काचेवरच्या तपकिरी थराचं कोडं असं सुटलं. (नव्या टाकीत दगड आणि वाळूतूनही सिलिका सुटते आणि काही आठवड्यांनी तो थर आपोआप जातो, हेही खरं. इथे टाकी जुनी होती.)

कार्बन डायऑक्साइडचा इलाज अगदी घरगुती आहे. मेम्ब्रेननंतरचं पाणी झाकलेल्या ड्रममध्ये घ्यायचं, साध्या एअर पंपाने रात्रभर बुडबुडे सोडायचे, आणि सकाळी ते रेझिनमधून काढायचं. वायू उडून जातो. हवेशी तोल साधण्याइतका थोडा राहतो, तेवढा चालतो. तो आहे की नाही हे ओळखायला एक पेलाभर पाण्याचा पीएच बुडबुडे सोडण्याआधी आणि नंतर बघा. इतक्या शुद्ध पाण्याचा पीएच अचूक मोजणं अवघड, पण वर सरकला हे कळतंच.

तर मग शोधायचं कसं?

माझं मत असं की क्रम हाच सगळ्यात मोठा इलाज. पाणी ज्या दिशेने वाहतं त्याच दिशेने तपासायचं, उलट नाही.

१. आधी नळ. आजचा टीडीएस, आणि सोसायटीत पाणी कुठून येतंय याची वॉचमनकडे चौकशी. पंप सोडणाऱ्या माणसाला जेवढं माहीत असतं तेवढं सेक्रेटरीलाही नसतं.

२. मग दाब. मेम्ब्रेनच्या आधी गेज नसेल तर बसवून घ्या. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दहा मीटर खाली आलं की जेमतेम १४ पीएसआय दाब देतं. वरच्या मजल्यावर तर तेवढाही नाही. मेम्ब्रेनचं रेटिंग ५० पीएसआयला असताना बूस्टरशिवाय अपेक्षा ठेवू नये.

३. कार्बननंतर क्लोरीन. क्लोरीन तपासायच्या थेंबांची बाटली स्वस्तात मिळते. मानकानुसार नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असायलाच हवा, तो आपल्या भल्यासाठी आहे. पण कार्बनमधून तो निसटला तर मेम्ब्रेनचा पापुद्रा कायमचा खराब करतो. टीडीएस मीटर यातलं चकार शब्द बोलणार नाही.

४. मेम्ब्रेननंतरचा टीडीएस. पण पहिला पेला मोजू नका! यंत्रणा बंद असताना क्षार पडद्यातून हळूहळू पलीकडे झिरपतात, त्यामुळे सुरुवातीचं पाणी नेहमीच वाईट असतं. पाच-दहा मिनिटं वाहू द्या, ते पाणी सोडून द्या, मग मोजा. रोज थोडं थोडं करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी करणं याच कारणाने चांगलं.

५. चांगलं पाणी आणि वाया जाणारं पाणी, दोन्ही एक मिनिट मोजपात्रात धरा. वाया जाणारं फारच कमी असेल तर मेम्ब्रेनवर क्षारांचा थर चढतो, फारच जास्त असेल तर रिस्ट्रिक्टर चुकीचा आहे.

६. सगळ्यात शेवटी रेझिन. आणि त्यानंतर साठवण. ड्रम फूड ग्रेड आहे ना, वाटेत कुठे पितळी तोटी किंवा तांब्याची नळी नाही ना. शुद्ध पाणी फार भुकेलं असतं, धातू दिसला की थोडा खातंच.

मीटरची स्वतःचीही परीक्षा घ्या. ३४२ पीपीएमचं कॅलिब्रेशन द्रावण मिळतं. आणि टँकमध्ये हात घातलेल्या ओल्या बोटांनी पेला धरून "टीडीएस वाढला हो" म्हणून ओरडू नका :-)

आता आक्षेप

पहिला: "माझा एक ओळखीचा नळाच्या पाण्यावर दहा वर्षं टँक चालवतोय." असेलही. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मुळात कमी क्षारांचं असतं, आणि फक्त मासे असतील तर ते बरंच सहन करतात. पण हा युक्तिवाद म्हणजे "माझ्या मशीनवर चालतंय". त्याच्या नळाला काय येतं ते त्याच्या नळाला. तुमच्याकडे उद्या टँकर आला की त्याची दहा वर्षं तुमच्या कामाची नाहीत.

दुसरा जास्त गंभीर आहे: "छंद आहे बाबा, लॅबोरेटरी नाही. एवढं कोण मोजत बसणार?" याच्याशी मी अर्धा सहमत आहे. रोज सगळं मोजणारा माणूस टँक बघायचं विसरतो, आणि दर आकड्यामागे एक बाटली ओतत सुटतो. प्रत्येक रोगाचं मूळ पाण्यात नसतं. जास्त खाणं, जास्त मासे, जुनं मीठ अशी दहा कारणं असतात. म्हणून मी रोज मोजा असं म्हणतच नाही. महिन्यातून एकदा, तीन ठिकाणी, एका वहीत. नळ, मेम्ब्रेननंतर, रेझिननंतर. जमल्यास दाब. दहा मिनिटांचं काम आहे. उपयोग त्या दिवशी होत नाही, बिघाड होतो त्या दिवशी होतो. मित्राच्या वहीत फेब्रुवारीची ती एक ओळ नसती तर एप्रिलच्या आकड्यांना काही अर्थच नव्हता. ४३ वाईट की चांगले, हे कशाच्या तुलनेत ठरवणार?

तिसरा आक्षेप मला स्वतःला सगळ्यात जास्त टोचतो, आणि त्याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. पाण्याचा अपव्यय. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-चार लिटर वाहून जातं. ज्या उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते त्याच उन्हाळ्यात आपण माशांसाठी पाणी ओततो. घरगुती आरओच्या अपव्ययाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये कान टोचले होते. जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओ नको, आणि किमान ६० टक्के पाणी परत मिळायला हवं, असं लवादाचं म्हणणं होतं. ते पिण्याच्या पाण्याबद्दल होतं, पण हिशोब आपल्यालाही लागू आहे. वाया जाणारं पाणी खराब नसतं, फक्त जरा जास्त क्षारांचं असतं. फरशी, संडास, गाडी धुणं याला ते सहज चालतं. एक पिंप आणि एक नळी एवढाच खर्च. ज्याला ते जमत नाही त्याने टाकी लहान ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नीट शोधलेला बिघाड इथेही पाणी वाचवतो. चोंदलेल्या फिल्टरमागे पंप तासन्‌तास जास्त चालतो, आणि तेवढा वेळ नाल्यात पाणी जात राहतं. तीन वेळा फेकलेलं रेझिन कचऱ्यात जातं ते वेगळंच. निदान न करता पार्ट बदलण्याची किंमत फक्त आपल्या खिशातून जात नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "टीडीएस शून्य आहे" म्हणून विषय संपवायला लागलं तर त्याला एवढंच विचारा, "त्याच्या आधीच्या नळीत किती आहे? आणि मागच्या महिन्यात किती होता?" उत्तर तयार असेल तर त्याचं शून्य खरं. नसेल तर मीटर ठेवा बाजूला आणि आधी त्या सेडिमेंट फिल्टरचं झाकण उघडून आत बघा.